नीट घाबरणाऱ्या बाई

ओव्हाळ बाई शाळेच्या गावात कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. त्या शाळेवर त्यांची पंधरा-सोळा वर्षं झाली होती. गावातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. पटनोंदणीसाठी आम्ही दोघी ऐन उन्हात घरोघर फिरायचो, तेव्हा दारात गेलं की कुणी ना कुणी तांब्या पुढं करायचंच. बाई हसून म्हणायच्या, "आत्ताच पिऊन निघाले." मी घटाघटा प्यायचे. पुढच्या घरी पुन्हा तेच. त्यांच्या पिशवीत स्टीलची बाटली असायची आणि रस्त्यात, कुणाच्या दारासमोर नसताना, त्या तिच्यातलं दोन घोट पाणी प्यायच्या. मला वाटायचं, पोटाचं काही दुखणं असेल. मी कधी विचारलं नाही.

मी मूळची वडवणीची. लग्न होऊन केजला आले आणि माझी नेमणूक त्याच शाळेवर झाली. गाव युसूफ वडगावच्याही पुढं, आडरस्त्याला. नाव सांगत नाही, कारण ह्यातली माणसं अजून तिथंच राहतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला एका ठेंगण्या, सावळ्या, कडक इस्त्रीचं सुती लुगडं नेसलेल्या बाईंपुढं उभं केलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाडी येते का चालवायला?" मी हो म्हटलं. "मग उद्यापासून मला घेत जा. एसटीच्या नादाला लागून माझं अर्धं आयुष्य फाट्यावर गेलंय." तेव्हापासून माझ्या स्कूटीची मागची सीट त्यांची झाली. जाताना आणि येताना त्या मला मागून सूचना द्यायच्या. "बैल हाय पुढं. बैलाला हॉर्न कळत न्हाई, थांब."

वर्गात त्यांचं मराठी वेगळं असायचं. एखादा पोरगा 'न्हाई' म्हणाला की त्या फळ्यावर 'नाही' लिहून त्याच्याकडून तीनदा म्हणून घ्यायच्या. 'पाणी' म्हणताना ण नीट उमटला नाही तर पुढं सरकायच्या नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मात्र त्याच बाई डबा उघडत म्हणायच्या, "कावून गं मनीषा, आज भाजी न्हाई आणली?" मी हसले की त्या म्हणायच्या, "वर्गात पगार मिळतो शुद्ध बोलायचा. जेवताना कावून बोलू?"

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. एकदा दुसरीच्या वर्गात दप्तराखालून विंचू निघाला. पोरं किंचाळत दाराकडं धावली आणि दारातच एकमेकांच्या अंगावर पडली. बाई टेबलामागून ओरडल्या, "घाबरायचं असंल तर नीट घाबरा! आधी पाय बाकावर घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा!" पोरं खरोखर बाकांवर चढली आणि तिथून ओरडत राहिली. बाईंनी फळ्याच्या पट्टीनं विंचू बाहेर ढकलला. नंतर मी पाहिलं, पट्टी त्यांनी हातातून सोडलीच नव्हती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही घाबरलात?" त्या म्हणाल्या, "लई. लहानपणी चावलाय मला. पण पोरांच्या आधी मी बाकावर चढले असते तर कसं झालं असतं?"

त्या मार्चमध्ये आजाराची बातमी टीव्हीवरून गावात आली. आधी लोकांना ती दूरची वाटली. मग पुण्यात रुग्ण सापडले, आणि पुणं आमच्या तालुक्याला दूर नाही. दर दोन घरांमागे कुणीतरी तिकडं कंपनीत आहे. शाळा बंद झाली. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस बसले. गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या आणि चार-चार जण आळीपाळीनं काठ्या घेऊन तिथं बसू लागले. कोंबडीवाल्यानं कोंबड्या फुकट वाटल्या, तरी कुणी घेईना. लोक नोटा धुवून दोरीवर वाळत घालू लागले. कुणाच्या तरी मोबाईलवर आलं की उंबऱ्यावर हळदीचे पट्टे ओढले की आजार आत येत नाही. दोन दिवसांत दुकानातली हळद संपली.

सरपंच तात्यांनी बाईंना फोन केला. तात्या गावातले मोठे जमीनदार, पण बोलायला मऊ माणूस. ते म्हणाले, "बाई, लोक माझं ऐकंनात. तुमचं ऐकतेत. तुमी जरा बोलून पाठवा, मी भोंग्यावर लावतो." बाईंनी मोबाईलमध्ये बोलून पाठवलं आणि गावातल्या मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून सकाळ-संध्याकाळ त्यांचा वर्गातला आवाज घुमू लागला. "ओव्हाळ बाई बोलते. नीट ऐका. हळद भाजीत घाला, उंबऱ्यावर साबण ठेवा. तोंड झाका, नाकसुद्धा झाका, नाक उघडं ठेवून तोंड झाकणारांनी उगीच कापड वाया घालवू नये. घाबरायचं असेल तर नीट घाबरा." त्या देवळाच्या पायरीवर बाई कधी चढल्या नव्हत्या. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज गेला ना. तेवढं बस."

त्यांची स्वतःची भीती खरी होती. त्यांना दमा होता आणि निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. नवरा वारलेला, मुलगा प्रशांत नागपूरला नोकरीवर. केजच्या घरात त्या एकट्या. त्यांनी जुन्या लुगड्यांच्या, तोंडाला बांधायच्या तिपदरी पट्ट्या शिवल्या होत्या, लुगड्याच्या रंगाला जुळणाऱ्या. स्कूटीवर त्या माझ्या खांद्याला हात लावीनात. मागची कडी घट्ट धरून, मान वळवून बसायच्या आणि मी बोलू लागले की ओरडायच्या, "बोलू नको! वारा मागं येतोय!" घरी गेलं की चपला दारात, पिशवी उन्हात, आणि त्या थेट मोरीत.

उन्हाळा चढला तशी बाहेरगावची माणसं परतू लागली. आमच्या गावात सर्वांत आधी आला तो तात्यांचाच पुतण्या बाळू. चाकणला कंपनीत होता. कंपनी बंद, खोलीमालकाची कटकट. मोटारसायकलवर बायको रूपाली आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन, हमरस्ता टाळत, शेतांच्या वाटांनी तो बाभळीच्या फांद्यांपर्यंत पोचला. काठ्यावाल्यांनी त्याला आत सोडलं नाही. तात्या आले. पुतण्या म्हणून त्यांनी त्याला घरी नेलं असतं तर गावातल्या प्रत्येकानं आपापला माणूस घरी नेला असता. त्यांनी लांबूनच सांगितलं, "बाळू, शाळेत ऱ्हावं लागतंय. नियम हाय." बाळूची आई कमलबाई तिथंच धुळीत बसून रडली.

शाळेत ठेवलेल्यांवर लक्ष ठेवायला आम्हा शिक्षकांची पाळी लागली. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "बाई, तुमचं वय, तुमचा दमा. तुम्ही येऊ नका, मी वर कळवतो." बाई म्हणाल्या, "मला लई भ्या वाटतंय, सर. पण ती पोरगी आपल्या वर्गात झोपणार, आणि तिथं आपलं कुणीच नसणार, हे बरं दिसत न्हाई. मी लांब बसंन." आणि त्या आल्या. फाटकापासून बऱ्याच अंतरावर लिंबाखाली त्यांनी खुर्ची मांडली, खडूनं जमिनीवर रेघ मारली आणि मला बजावलं, "ही रेघ तुलाबी हाय."

शाळेचं बोअर उन्हाळ्यात आटायचं. तात्यांच्या शेतातल्या विहिरीवरून टाकीत पाणी यायचं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई महादू ते शाळेत पोचवायचा. बाळूजवळ भांडं म्हणून एक बादली होती. तिच्यात महादू लांबून वापरायचं पाणी ओतायचा. प्यायच्या पाण्यासाठी मात्र तो आपलं भांडं आत ठेवायला तयार नव्हता. त्या भांड्याला त्यांचा हात लागला तर ते परत गावात न्यायचं कसं, असा त्याचा प्रश्न. मग त्यानं त्यावर तोडगा काढला. फाटकाबाहेर एका दगडावर तो चढला, घागर उंच धरली आणि फाटकावरून पाण्याची धार सोडली. आतून बाळूनं वाकून ओंजळ धरली. मग रूपालीनं. मग तिनं मुलीचे दोन हात धरून तिची ओंजळ केली. मुलीच्या बोटांतून पाणी गळत होतं आणि तिचा फ्रॉक भिजत होता. तिला तो खेळ वाटला, ती हसत होती.

मी बाईंकडं पाहिलं. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. महादूनं त्यांना पाहिलं आणि त्यांना बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, तो म्हणाला, "बगा बाई, काय येळ आली. पाटलाच्या पोराला बी ओंजळ धराय लागली."

"महादू, घागर खाली ठेव," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता.

"अवो पण बाई, रोग—"

"खाली ठेव म्हणते ना. ठेव, आणि दहा पावलं मागं ये. त्यांचं ते उचलून घेतील, पिऊन परत ठेवतील. तेवढंच अंतर ऱ्हातंय की न्हाई?"

"आन् मग घागर?"

"घागर त्यांच्याकडंच ऱ्हाईल."

"माजी न्हाई द्यायाचो मी," महादू म्हणाला. "तुमाला काय, सांगायला सोपंय."

त्या दिवशी ओंजळीनंच पाणी दिलं गेलं, आणि प्रत्येक वेळी बाई तोंड फिरवून लिंबाच्या बुंध्याकडं बघत उभ्या राहिल्या.

परत येताना त्यांनी मला रस्त्यात गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं, माणूस कुठं नाही. त्या गाडीपासून चार हात दूर जाऊन उभ्या राहिल्या आणि पट्टीआडून बोलू लागल्या.

"बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मी असंन आठ-नऊ वर्षांची, मीबी जायची. कामावर पाणी पाजायला माणूस असायचा. आमच्या लोकांनी एका बाजूला बसायचं. तो वरनं धार सोडायचा. एक दिवस आईच्या हाताचे फोड फुटलेले. ओंजळीत पाणी टिकंना. तिला सोसंना गं, तिनं त्याच्या हातातल्या तांब्याला हात लावला, कडेला, तोंडाला लावावा म्हणून. त्यानं तांब्या टाकून दिला. आणि मग सगळी घागर उपडी केली. तेवढंच पाणी होतं त्या येळेला. सगळी माणसं तहानलेली. आमची बी, त्यांची बी. कुणी शिवी दिली न्हाई. सगळे नुसते आईकडं बघत होते." त्यांनी पट्टी वर ओढली. "घरी येऊन आईनं मला सांगितलं, कुणाला पाणी मागायचं न्हाई. दिलं तरी घ्यायचं न्हाई."

मी म्हटलं, "बाई, पण ते वेगळं होतं. हे आजारामुळं आहे."

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. "त्या रोगाला मी तुझ्यापेक्षा जास्त भिते. अंतर पाहिजेच. पण त्या पोरीला ओंजळ धरायची सवय लागली न्हाई पाहिजे. चल, ऊन लागतंय."

दुसऱ्या दिवशी त्या स्कूटीवर मांडीत तांब्याची कळशी घेऊन बसल्या. जुनी, जाड, गळ्यापाशी ठिपक्यांच्या अक्षरांत त्यांचं लग्नाआधीचं नाव कोरलेलं. आईनं लग्नात दिलेली. वाटेत खड्डा आला की ती खणकन माझ्या पाठीला लागायची आणि बाई म्हणायच्या, "लागू दे, कळशीला आजार न्हाई."

कळशी फाटकाच्या आत ठेवली गेली. महादू बाहेरून तिच्यात पाणी ओतायचा, मागं सरायचा, मग बाळू ती उचलून न्यायचा. बाईंनी रूपालीला लांबूनच सांगितलं, कळशी राखेनं घासायची, हात साबणानं धुवायचे, कळशीत हात बुडवायचा नाही. रूपाली मान हलवत होती.

दुपारी कमलबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांनी फडकं फाटकापाशी ठेवलं आणि त्यांची नजर कळशीवर गेली. कोरलेलं नाव त्यांना वाचता येत नव्हतं, पण गावात कुणाची भांडी कशी आहेत हे बायांना ठाऊक असतं, आणि ही गावातली नव्हती. त्यांनी महादूला हळूच विचारलं. महादूनं बाईंकडं बोट केलं. कमलबाईंचा चेहरा क्षणभर गोंधळला. मग त्या अगदी आर्जवानं म्हणाल्या, "बाई, तुमी कावून तरास घेतला? आमच्या घरची कळशी आणते की मी."

बाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "आणा ना. आत्ता आणा. पोरीला तहान लागतीया सारखी."

कमलबाई उभ्या राहिल्या. घरची कळशी आणायची म्हणजे ती इथं कोंडलेल्यांच्या हातात द्यायची आणि मग पुन्हा घरात घ्यायची नाही. त्यांच्या घरात दिरांची, जावेची पोरं होती. आतून मुलीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. त्यांनी पदर सारखा केला. "असू द्या मग," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा कळशीचा विषय त्यांनी काढला नाही. बाईंनीही नाही.

आठवडाही झाला नसेल, बाळूला ताप भरला. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो वर्गाच्या दारात भिंतीला टेकून बसला होता आणि रूपाली फाटकाशी उभी होती. "बाई, रातभर खोकतेत," ती म्हणाली. बाईंनी लगेच आरोग्य केंद्रात फोन लावला. गाडी येते म्हणाले, पण ती दुसऱ्या गावाला गेलेली. आम्ही वाट पाहत असताना गावात बातमी फुटली.

माणसं आली. आधी पाच-सहा, मग शाळेची भिंत भरून. तोंडाला रुमाल, हातात काठ्या. कुणी म्हणत होतं, "ह्यांला शेतात न्या." कुणी म्हणत होतं, "फाटकाला कुलूप घाला, बाहीर सोडू नका." "पोरंबाळं हायती आमची, रोग गावात ठिवायचा न्हाई." तात्या गर्दीत मागे उभे होते. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. एक दगड आला आणि वर्गाच्या खिडकीची काच फुटली. आतून मुलगी रडू लागली.

बाई खुर्चीवरून उठून फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची रेघ त्यांनी ओलांडली होती. त्यांना धाप लागली होती, पट्टी आत-बाहेर होत होती.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "आधी रुमाल नाकावर घे."

दगड मारणारा दत्ता होता की नाही मला माहीत नाही. पण त्यानं रुमाल नाकावर घेतला.

"मीबी घाबरलेय. मला दमा हाय, मला झालं तर मी उठायची न्हाई. पण हे काय घाबरणं झालं? एकमेकाच्या खांद्यावर तोंड ठेवून वरडताव. तुमच्यातल्या एकाला असलं तर आज दुपारपर्यंत समद्यांला झालं. शेतात नेणार म्हणताव, कोण नेणार? कोण धरणार त्याचा हात? ये म्होरं." कुणी पुढं आलं नाही. "गाडी येतीय. तोवर इथं ऱ्हायचं असंल तर लांब लांब उभं ऱ्हावा. न्हाईतर घरी जाऊन हात धुवा."

माणसं एकमेकांकडं पाहून खरोखरच बाजूला सरकू लागली. ती बाईंच्या बोलण्यानं पांगली की शेजाऱ्याच्या भीतीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळानं भिंतीशी फक्त तात्या आणि कमलबाई उरल्या. बाई परत येऊन खुर्चीत बसल्या, पिशवीतून दम्याचा पंप काढून ओढला आणि डोळे मिटले.

गाडी दुपारी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली. बाळूला एका गाडीत बसवलं, रूपाली आणि मुलगी दुसरीत. मुलगी बापाकडं हात पसरून ओरडत होती. कमलबाई धावल्या तेव्हा तात्यांनी त्यांचा पदर मागून धरला. भावजयीच्या पदराला दिरानं हात लावलेला त्या गावानं कधी पाहिला नसेल. पदर हातात तसाच धरून तात्या रडत होते. गाड्या गेल्यावर शाळेमागं खड्डा खणला गेला. अंथरूण, बादली, पोरीची चप्पल जाळली. कळशी जळत नाही, म्हणून ती पुरली.

"पुरली का?" बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. "कुणी सांगितलं पुरायला?" मला माहीत नव्हतं. औषध फवारून ती परत देता आली असती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्या जरा वेळ त्या मातीकडं बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. घरी जाईपर्यंत बैलाची, खड्ड्याची, कसलीच सूचना मागून आली नाही.

बाळूला आजार निघाला. रूपाली आणि मुलीला नव्हता. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून तो महिन्याभरात बरा होऊन परतला. इकडे केजमध्ये मात्र बाईंच्या गल्लीत कळलं होतं की त्या रुग्णाजवळ होत्या. गल्ली सगळी त्यांच्याच समाजाची, सगळे नोकरदार. शेजारच्या घरानं मधल्या गच्चीचं दार लावून घेतलं. सख्खी नणंद दोन घरं सोडून राहायची. ती भाजीची पिशवी काठीला अडकवून खिडकीतून आत सरकवायची. मला फोनवर हे सांगताना बाई खूप हसल्या आणि मग त्यांना खोकला आला. "आता घरचीच हायत," त्या म्हणाल्या. "ह्यांला काय म्हणावं?" मी म्हटलं, त्यांना भीती वाटते. "व्हय. तेच तर. मी काठी धुवून परत देते."

पावसाळ्यात आम्हाला घरोघर जाऊन ताप मोजायचं काम लागलं. बाईंनी त्यातून सुटका मागितली आणि त्यांना ती मिळालीही. त्या घरातच होत्या. दूधवाला, नणंदेची काठी आणि महिन्यातून एकदा औषधाचं दुकान, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध. तरी त्यांना आजारानं गाठलं. कुठून, ते कुणालाच कळलं नाही.

अंबाजोगाईला दाखल केल्यावर त्या मला फोन करायच्या. सुरुवातीला वॉर्डातल्या गमती. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला त्या पाढे म्हणायला लावत होत्या, श्वासाचा व्यायाम म्हणून. मग वाक्यं लहान झाली. शेवटच्या फोनवर मागं यंत्राचा आवाज होता. त्या म्हणाल्या, "मनीषा, समदं केलं होतं गं मी. हात, पट्टी, समदं. काय ऱ्हायलं?"

मी म्हटलं, "बाई, काही नाही राहिलं. तुम्ही बऱ्या होणार."

"उत्तर दे की," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशा. मी विचारलं, जेवण जातंय का. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी प्रशांतचा फोन आला. बाई रात्रीच गेल्या होत्या. तो परवाना काढून नागपूरहून निघाला होता, पण अजून अर्ध्या वाटेतही नव्हता. दवाखान्यातले थांबायला तयार नव्हते. मागं आणखी माणसं होती. नणंदेच्या घरी दोघं आजारी, ते घर बंद. गावाहून तात्यांनी विचारलं, येऊ का. त्यांना येऊ दिलं नसतं. मग मी आणि माझा नवरा गेलो.

अंबाजोगाईबाहेर दहनाची मोकळी जागा होती, पावसानं चिखल झालेला. आम्हाला दोरीच्या अलीकडं उभं केलं. चार माणसं पांढऱ्या पोशाखात, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. त्यांनी बाईंना गाडीतून उतरवून चितेवर ठेवलं. बांधलेलं ते गाठोडं इतकं लहान होतं की मला वाटलं, चूक झाली असेल. त्यातल्या एकानं आमच्याकडं वळून विचारलं, "कोणी काही म्हणणार आहे का?"

प्रशांत फोनवर होता, गाडीतूनच. मी फोनचा आवाज मोठा केला आणि हात दोरीपलीकडं जितका जाईल तितका पुढं धरला. तो बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणू लागला. आवाज फाटत होता, मध्येच रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज यायचा. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि रेंज गेली. मी पुन्हा लावला, लागेना. मला ते शब्द येत नव्हते. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवले, पण येत नव्हते. मी नवऱ्याकडं पाहिलं, त्याला तर नाहीच.

तेव्हा ज्यानं विचारलं होतं तो माणूस चितेकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं हातमोजे घातलेले हात जोडले आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढं म्हणायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या आतून आवाज घुसमटून येत होता, पण तो थांबला नाही, चुकला नाही. सगळं म्हणून झाल्यावर त्यानं बाकीच्यांना खूण केली.

निघताना मी दोरीपाशी थांबून त्याचं नाव विचारलं, प्रशांतला सांगावं म्हणून. त्यानं सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, पण तोवर दुसरी गाडी आली होती आणि तो तिच्याकडं चालू लागला होता.